बाबा ज्याला करंट म्हणत

जबलपूरजवळच्या पाटणला बाबांचं पंपाच्या मोटरी बांधायचं दुकान आहे. जळलेली तार काढायची, नवी गुंडाळायची. गव्हाला पाणी द्यायच्या दिवसांत दुकानाबाहेर मोटरींची रांग लागते आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला बाबा एकच कारण सांगतात, "करंट कमी येऊन राहिला, म्हणून जळाली."

हे वाक्य ऐकतच मी मोठी झाले आणि जबलपूरच्या कॉलेजात त्यानंच मला रडकुंडीला आणलं. प्रॅक्टिकलला मी एकदा नापास झाले होते. 'बॅक लगी' असं इथली मुलं सहज म्हणतात. माझ्यासाठी ते सहज नव्हतं. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिली, आणि या खेपेलाही नापास झाले तर वर्ष जाणार होतं.

या खेपेला परीक्षेत हीटरची कॉइल आली होती. मीटरवर दोनशे व्होल्ट, चार अँपिअर. भागाकार केला, रोध पन्नास ओहम. गुणाकार केला, शक्ती आठशे वॅट. परीक्षकांनी विचारलं, व्होल्टेज एकशे साठ झालं तर? करंट तीन पूर्णांक दोन, शक्ती पाचशे बारा. म्हणजे कॉइल कमी तापणार. सगळं बरोबर आलं.

"अच्छा, और पंप की मोटर हो तो?"

मी बेधडक म्हणाले, "करंट कम आता है सर, इसलिए जल जाती है."

"करंट कम है तो जलाया किसने बेटा, पड़ोसी ने?" मागची मुलं हसली. "जाओ, दस मिनट सोचकर आओ."

व्हरांड्यात येऊन मी वहीत तेच आकडे पुन्हा मांडले. करंट कमी, तर उष्णता कमी. पण जळलेल्या मोटरींचा वास माझ्या नाकात लहानपणापासूनचा. सूत्र खोटं की बाबा? चिडून मी त्यांनाच फोन लावला.

"करंट कमी असला तर मोटर गरम कशी होईल बाबा?"

"काहून वाद घालून राहिली? बल्ब मिणमिणतो, म्हणजे कमीच ना!"

"मीटर लावून पाहिलं का कधी?"

"हाव. ते तारेला चिमट्यासारखं लावतात ते. सहाच्या जागी नऊ अँपिअर दाखवत होतं. म्हटलं, बिघडलं असेल."

मीटर बिघडलेलं नव्हतं. बाबा ज्याला करंट म्हणत होते ते व्होल्टेज होतं. ते पडलं तरी पंपाला पाणी ओढायचंच असतं, म्हणून मोटर जास्त करंट खेचते आणि तापते. कॉइलसारखी ती गप्प थंड होत नाही. माझं लहानपण एका चुकीच्या शब्दावर गेलं होतं आणि चिडायचं तरी कुणावर? त्याच मोटरींवर माझं शिक्षण चाललं होतं.

आत जाऊन मी हे सगळं भरभर सांगितलं. परीक्षकांनी मान वर केली नाही. "पहले क्यों नहीं बोली?" एवढंच म्हणून पास होण्यापुरते गुण लिहिले.

वर्ष वाचलं. बाहेर आले तेव्हा बाबांचा फोन वाजत होता.

"काय झालं? माझं बरोबर निघालं ना?"

मी म्हटलं, "पास झाले बाबा." बाकीचं फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.