शेवटच्या मजल्यावरचं मीटर

आमचे मीटरकाका बावीस वर्षं नगरपालिकेसाठी घरोघरची पाण्याची मीटरं वाचत होते. गुडघे कुरकुरायला लागले तसे ते चौथ्या मजल्यावरच्या एकट्या आजींचा आकडा खालूनच, मागच्याच महिन्याचा, ठोकून द्यायला लागले. कागदावर आजींनी दोन वर्षांत पाण्याचा थेंबही वापरला नव्हता. कुणाचं काय बिघडत होतं?

मग टाळेबंदी लागली. एकट्या म्हाताऱ्यांना घरपोच शिधा द्यायचं ठरलं. साहेबांनी खुर्चीत बसूनच यादी केली: जिथे पाणी वापरलं जात नाही, ते घर रिकामं, म्हणून यादीबाहेर. झालं! जिना चढून बघायची तसदी कोण घेतो?

बाराव्या दिवशी ती यादी काकांच्या हाती आली. आजींचं घर त्यात नव्हतंच. शिध्याची पिशवी घेऊन, गुडघे विसरून, ते धापा टाकत वर गेले. दार वाजवलं. आत सामसूम. पुन्हा वाजवलं. काकांच्या तोंडचं पाणी पळालं.

बऱ्याच वेळाने कडी निघाली. भिंतीला धरून उभ्या असलेल्या आजींनी त्यांच्या गळ्यातलं ओळखपत्र निरखलं.

"आलात का एकदाचे?" त्या कशाबशा म्हणाल्या. "मीटर मोरीत आहे हो."