रोशाचं तेल

आमच्या प्रयोगशाळेतले उंदीर आपोआप विसरत नसत, त्यांना इंजेक्शन टोचून विसरायला लावलं जाई. हे मी इतक्या जणांना समजावलंय की आता कोणी विचारलं तरी डोकं उठतं. पांढरा उंदीर दुधाळ पाण्याच्या हौदात सोडायचा. पाण्याखाली लपवलेला ठोकळा शोधायला तो शिकतो. मग इंजेक्शन देऊन त्याची आठवण बिघडवायची आणि आपलं तेल देऊन पाहायचं. आमचं तेल रोशाचं, आपल्याच भागात उगवणाऱ्या वासाच्या गवताचं. ते दिलेले उंदीर ठोकळा जरा लवकर शोधत, बस इतकंच.

त्याच काळात आई विसरत चालली होती. जावई, नातवंडं, शेजारीण, सगळी तिच्या हिशेबी पाहुणेमंडळी झाली होती. पण डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या आणि मी तिला ओळखू येत होते. जैनाबादला माझं सासर. दर रविवारी पूल ओलांडून मी लालबागला दादाकडे जायची. मला पाहिलं की आई म्हणायची, "आली का वं, उंदरायले पोहायले लावून?" एवढ्या एका वाक्यासाठी मी आठवडा ढकलायची.

आमच्या सरांना धीर कुठला! काम अर्धवट असतानाच त्यांनी एका पेपरवाल्याला बोलावलं. दुसऱ्या दिवशी गावभर झालं की रोशाच्या तेलानं गेलेली आठवण परत येते. खाली माझा फोटो, हातात उंदीर.

पुढच्या रविवारी दादाच्या दारातच तो वास आला. गुलाबासारखा, पण गवताळ. आईचं डोकं तेलानं थबथबलं होतं आणि गोळ्यांचा डबा कोनाड्यात दिसत नव्हता.

"गोळ्या कुठे?"

"बंद केल्या. गरम पडत होत्या तिले. तूच तर सिद्ध केलं ना? पेपरात आलंय."

"दादा, ते उंदीर होते! त्यांना इंजेक्शननं विसरायला लावलं होतं!"

"तुह्या उंदरायले चालते अन् आईले नाही चालत?" तो म्हणाला. "तू रविवारी येते. तिचं हागणं-मुतणं रोज मी करून राहिलो."

तळपायाची आग मस्तकात गेली. पण तो रविवारचं बोलला ते खरं होतं. उंदरांच्या बोलण्याला माझाच फोटो साक्षीला होता.

गोळ्या पुन्हा सुरू केल्या. डॉक्टर म्हणाले, मधे खंड पडला की गेलेलं परत येतंच असं नाही. मी सरांवर चिडले, पेपरवाल्यावर चिडले, दादाशी तर अबोलाच धरला. सर म्हणाले, आपण थोडंच सांगितलं होतं माणसाला चोळा म्हणून? प्रयोग संपल्यावर आमच्याकडे सगळ्याच उंदरांना मारून मेंदू तपासतात. ठोकळा सापडलेलेही त्यातच. त्या आठवड्यात ते काम माझ्याकडे होतं आणि मला कुणाचीच दया आली नाही.

त्यानंतरच्या रविवारी आई खाटेवर बसून एकसारखी बोलत होती. इच्छापूरकडचं तिचं माहेर, नाल्याकाठी तिच्या वडिलांची गवताचं तेल काढायची भट्टी, गवत उकळायच्या देगीखाली लाकडं सारताना भाजलेलं बोट. मी हे कधीच ऐकलं नव्हतं. दादाचे डोळे भरले होते. "पाहा," तो म्हणाला, "याद येऊन राहिली की नाही?"

मी तिच्यासमोर बसले. "आई, मी कोण?"

तिनं माझा हात हातात घेतला. कितीही साबण लावला तरी माझ्या बोटांचा तेलाचा वास जात नसे. तिनं तो हुंगला आणि चेहरा उजळला.

"तुह्या बापाची बी भट्टी हाय का वं, बाई?"

मी हो म्हटलं. मग ती मला तिच्या बाबांविषयी सांगत बसली, वाटेत भेटलेल्या अनोळखी पोरीला सांगावं तसं, आणि दिवे लागायच्या आत तुही माय वाट पाहत असंल, म्हणून तिनं मला घरी जायला सांगितलं.