स्टार्टरातली चांदी

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या आमच्या प्लेटिंगच्या कारखान्याच्या गोष्टी निघाल्या की चहा गार होतो. चारजण जमले की कुणीतरी म्हणतंच, "इस्माईलभाईंचं सांग की." मग एकातून दुसरं निघतं आणि मूळ विषय राहतो बाजूला.

इस्माईलभाई मालक. एकोणीसशे सत्तरच्या आसपास मी बी.एस्सी. होऊन त्यांच्या हाताखाली लागलो. शेतीपंपाच्या स्टार्टरमध्ये तांब्याचे कॉन्टॅक्ट असतात. बटण दाबलं की ते एकमेकांवर आपटतात आणि पंप चालू होतो. त्या तांब्यावर आम्ही विजेच्या करंटनं चांदीचा थर चढवायचो.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, "भाई, एवढ्याशा चांदीनं काय होतंय?"

भाईंनी स्वतःच्या डोक्यावरचा केस उपटून माझ्या तळहातावर ठेवला. "ह्याच्यापेक्षा पातळ बसतीया. आन् हिच्या जिवावर अख्ख्या उसाला पाणी मिळतंय."

मी तो केस बराच वेळ बघत बसलो.

*

भाईंना घाई खपत नसे. करंट कमी ठेवायचा आणि चांदी सावकाश चढू द्यायची, ही त्यांची रीत. एकदा जोतिबाच्या डोंगरावरचे एक दुकानदार पूजेची ताटं घेऊन आले आणि म्हणाले, संध्याकाळपर्यंत द्या.

"पावणं," भाई म्हणाले, "चांदी हाय, रंग न्हाय. बसू द्या तिला."

दुकानदार हसले आणि ताटं ठेवून गेले.

*

दसरा झाला की स्टार्टर बिघडून परत यायला लागायचे. खंडेनवमीला यंत्रं पुजायची आपल्याकडे पद्धत. कागलच्या एका शेतकऱ्यानं पूजेआधी स्टार्टर उघडला. आतले कॉन्टॅक्ट काळे दिसले, म्हणून पॉलिश पेपरनं घासून लखलखीत केले. ती लखलख तांब्याची होती! चांदी काळी पडली तरी काम करते, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. दिवाळी सरते न सरते तोच कॉन्टॅक्ट जळून चिकटले.

"द्येवाम्होरं काळं कसं ठेवायचं?" तो म्हणाला. त्याचंही खरंच होतं.

भाईंनी त्याला चहा दिला. "पावणं, हळदकुंकू डब्याला वरनं लावा. आत द्येव झोपलाय, त्याचं त्वांड धुऊ नका."

*

पण तक्रारी आमच्या नावावर जमत गेल्या. स्टार्टर बनवणारे पाटणकर साहेब एक दिवस बूट वाजवत आत आले. "मुंबईहून कॉन्टॅक्ट मागवलेत. तुमचा आणि त्यांचा शेजारी शेजारी चालवू. तुमचा आधी झिजला, तर काम बंद."

कारखाना मुख्यतः त्याच कामावर चालत होता. मला जेवण गेलं नाही. भाई मात्र शिलाई मशीनची जुनी मोटर शोधायला उठले. तिच्यावर दोन्ही जोड्या बसवल्या, दोन्हींतून सारखाच करंट सोडला आणि टकटक सुरू झाली. गल्लीला त्या आवाजाची इतकी सवय झाली, की एकदा वीज गेली तर शेजारच्या मावशी धावत आल्या. "भाई, समदं बरं हाय न्हवं?"

*

सगळा पावसाळा टकटक चालली. मग साहेब आले आणि त्यांनी भिंग काढलं.

मुंबईच्या कॉन्टॅक्टवर तांबं उघडं पडलं होतं. मग त्यांनी आमचा उचलला.

एवढी आपटाआपट झाली, एवढ्या ठिणग्या उडाल्या, तरी चांदी शाबूत होती. उलट दाब बसून बसून जास्तच गुळगुळीत झाली होती. मी थक्क झालो. आपल्याच हातून हे झालंय, यावर विश्वास बसेना.

साहेब पुन्हा पुन्हा बघत राहिले. भिंग ठेवलं, उठले आणि दाराकडे गेले. आम्हाला वाटलं, निघाले. त्यांनी उंबऱ्याबाहेर बूट काढले, मोजे काढले आणि अनवाणी परत आत आले.

"ओ साहेब," भाई ओरडले, "बूट घाला की. खाली ॲसिड सांडलंय."