गुरुवारची फॅक्टरी

सरकारी ऑफिसातून टाचणीसुद्धा घरी न्यायची नसते. किस्स्यांची मात्र कुठेच नोंद नसते, म्हणून ते मी बिनधास्त घरी आणायची. आल्यावर आधी चिनूच्या कपाळाला हात लावायचा, मग हात धुवायचे, मग खात्री नाही म्हणून पुन्हा कपाळाला हात लावायचा, आणि मग सासूबाईंना आजचं काय झालं ते सांगायचं. त्यांना आम्ही सगळे अक्का म्हणतो. सांगून सांगून इतके किस्से साठले की मैत्रिणी विचारतात, "अगं, तू तिथे काम कधी केलंस?" तर आता तुम्हीच ऐका आणि ठरवा.

* * *

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. कारखान्यांच्या सांडपाण्यावर नि धुरावर लक्ष ठेवणारं आमचं ऑफिस तोवर फक्त धुळ्याला होतं. जळगावच्या कारखान्यांची देखरेखही तिथूनच व्हायची. मग जळगावला वेगळं छोटं ऑफिस निघालं. पिठाच्या गिरणीवर दोन खोल्या, एक जुनी जीप, ती चालवणारे बोरसेभाऊ, आमचे पाटीलसाहेब आणि मी. केमिस्ट्रीत एम.एस्सी., पहिला वर्ग, आणि घराबाहेर पडताना गॅस बंद केलाय का हे दोनदा बघणारी.

खाली गिरणी सुरू झाली की वर टेबलांवर पीठ बसायचं. हवेच्या प्रदूषणाबद्दलचे कागद आम्ही रोज सकाळी झटकून वापरायचो.

पहिला तक्रारदार आला तो शेजाऱ्याची तक्रार घेऊन. समोरच्या घरात दर रविवारी काळा मसाला भाजतात, गल्लीभर ठसका लागतो, बंद करा म्हणाला. साहेबांनी गंभीरपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, मसाला कसा असतो? तो म्हणाला, "त्याबद्दल तक्रार नाही. एक नंबर!"

साहेब म्हणाले, "मग सॅम्पल आणा."

* * *

धुळ्याकडून आमच्याकडे आलेली पहिली मोठी जबाबदारी म्हणजे पारोळ्याकडच्या रस्त्यावरची मक्यापासून स्टार्च काढणारी एक फॅक्टरी. इतकी वर्षं ती धुळ्याच्या सोनवणेसाहेबांकडे होती. त्यांना धुळ्यापासून जळगावपर्यंत सगळे नाना म्हणायचे. नाना तिच्या फायली लाल कापडात बांधून स्वतः घेऊन आले. टेबलावर ठेवताना त्यांनी कापडावरून असा हात फिरवला की पाटीलसाहेब हळूच मला म्हणाले, "पाणी विचारा, सासरी पाठवतायत."

नानांनी मला सगळं समजावून सांगितलं. मालक मुंबईला असतात, इथे सगळं बघतात ते मॅनेजर भंडारी. माणूस सभ्य, चहा आलं घातलेला. सांडपाणी स्वच्छ करायची टाकी आहे, तिच्यावर हवा खेळवणारी मोटर आहे, पुढे पाणी नाल्यात जातं. आणि जायचं ते गुरुवारी. धुळ्याच्या ऑफिसला जीप गुरुवारीच मिळायची, म्हणून तोच वार पडून गेला होता.

जोडीने पहिली भेट झाली तीही गुरुवारीच. टाकीत बुडबुडे, नाल्यात तळाचे गोटे दिसावेत असं पाणी. नाना मोटरपाशी उभे राहून अभिमानाने म्हणाले, "बघा बाई. इतकी वर्षं झाली, पण मोटर अजून नव्यासारखी ठेवलीय यांनी."

मीही मान डोलावली. खरंच नव्यासारखी होती.

परतताना नाल्याच्या काठावर बघितलं तर अख्ख्या गावाच्या बायका धुणं धूत होत्या. बाभळींवर, कुंपणावर, दगडांवर लुगडी, गोधड्या, पोरांचे सदरे. मला वाटलं, कुणाकडे लग्न आहे की काय. जीप थांबवून विचारलं, तर कमरेला पदर खोचलेली एक म्हातारी म्हणाली, "आज गुरुवार शे ना, बाई. बठ्ठ्या उन्यात." सगळ्या आल्यात, एवढं मला कळलं.

या इंदूअक्का. पुढे त्या बऱ्याचदा भेटणार होत्या. मी मनात म्हटलं, गुरुवारचं काही व्रत असणार. स्वच्छतेचं व्रत, किती छान. घरी येऊन अक्कांना सांगितलंसुद्धा. त्या म्हणाल्या, "गुरुवारी? आमच्याकडे तर गुरुवारी केससुद्धा धूत नाहीत."

तरी माझी ट्यूब पेटली नाही. पहिला वर्ग, म्हटलं ना.

* * *

पुढच्या गुरुवारी मी एकटी निघाले. म्हणजे बोरसेभाऊ होते, पण अधिकारी म्हणून मी एकटी. चिनू आठ महिन्यांचा होता, दिवसभर अक्कांपाशी राहायचा. त्याचं पाणी मी वीस मिनिटं उकळलं. त्याचे लंगोट जंतुनाशकात भिजवून, उकळत्या पाण्यातून काढून, वर इस्त्री केलेले. अक्का म्हणायच्या, या लंगोटांवर ऑपरेशन करता येईल.

फॅक्टरीत पोचले. नमुना घ्यायची रीत अशी: मॅनेजरसमोर पाणी घ्यायचं, दोन बाटल्यांत वाटायचं, दोन्हींच्या तोंडावर लाख वितळवून पितळी शिक्का मारायचा आणि दोघांनी सह्या करायच्या. मी भंडारींसमोर रुबाबात निळी पिशवी उघडली.

आत दुधाची बाटली. ग्राइप वॉटर. खुळखुळा. इस्त्रीचे लंगोट.

घरी दोन निळ्या पिशव्या होत्या. एकाच दुकानातून, एकाच दिवशी मीच घेतलेल्या.

भंडारी फार सभ्य. हसले नाहीत. म्हणाले, आमच्याकडे बाटल्या आहेत, देऊ का? क्षणभर हो म्हणणार होते. पण त्यांची बाटली कशाने धुतलेली असेल, मला काय माहीत? जी बाई स्वतःच्या मुलाच्या बाटलीवर दुसऱ्याचा हात चालू देत नाही, ती कारखान्याकडून कारखान्याच्याच पाण्यासाठी बाटली घेईल? मी म्हटलं, नको, उद्या येते.

"उद्या?" भंडारींच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हललं. "एवढी घाई नाही मॅडम. पुढच्या गुरुवारी या."

इकडे घरी अक्कांनी दुसरी पिशवी उघडली. नमुन्याच्या दोन बाटल्या, लाखेची कांडी, मेणबत्ती आणि पितळी शिक्का. संध्याकाळी मी धावत घरात शिरले तर चिनू शिक्का चोखत बसला होता, आणि अक्का म्हणाल्या, "वाटी-चमच्याने प्यायला. शिक्का सोडला तर सरकारने दिलेलं काही कामाचं नव्हतं."

* * *

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. फॅक्टरी अजून दिसत नव्हती तेवढ्यात आंबट वास आला. बोरसेभाऊंनी जीप हळू केली. नाला दुधट पिवळा होता, वर फेस. बाभळी रिकाम्या. काठावर एक बाई नाही.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. व्रत बायकांचं नव्हतं, फॅक्टरीचं होतं. गुरुवारी मोटर लावायची, इतर दिवशी विजेचा खर्च वाचवायचा. गावाला कारण कुणी सांगितलं नव्हतं. नाला कोणत्या दिवशी निवळतो एवढं बायकांनी पाहिलं होतं, आणि आठवड्याचं धुणं त्या दिवसावर ठेवलं होतं. आणि मोटर नव्यासारखी का, हेही कळलं. आठवड्यात एकदाच वापरलं तर माझी लग्नातली पैठणीसुद्धा नव्यासारखीच आहे.

आत गेले. टाकी शांत. भंडारी धावत आले. म्हणाले, "मॅडम, आज तुमचा वार नाही."

मी बाटलीचं बूच काढलं. "मूल झाल्यापासून मला वार लक्षात राहत नाहीत," मी म्हटलं आणि बाटली पाण्यात बुडवली.

वाऱ्याने मेणबत्ती विझत होती, लाख वितळेना. बोरसेभाऊंनी आपली टोपी आडवी धरली. टोपीला भोक पडलं, पण शिक्का स्वच्छ उमटला. ती भोकाची टोपी ते पुढे मुद्दाम घालायचे. कुणी विचारलं की सांगायचे, "हे बाईंचं पहिलं सॅम्पल."

* * *

त्यानंतर मी गुरुवारी गेलेच नाही असं नाही. कधी मंगळवारी, कधी शनिवारी, कधी लागोपाठ दोन दिवस, कधी पंधरा दिवस नाहीच. फॅक्टरीत मी भलती धूर्त आहे अशी ख्याती झाली म्हणे.

मग भंडारी आमच्या ऑफिसात आले. त्यांचं म्हणणं नम्र आणि सरळ होतं: नव्या ऑफिसचा ताल बसलेला नाही, आमची देखरेख पुन्हा धुळ्याकडे द्या, नानांच्या काळात शिस्त होती. मालकांनी वरच्या ऑफिसातही शब्द टाकला होता. म्हणून साहेबांनी धुळ्याहून नानांना बोलावून घेतलं. एका बाजूला भंडारी, एका बाजूला नाना, मध्ये साहेब, आणि दाराशी मी. आता ही मंडळी आपल्याला टेबलावर बसवणार, टपाल उघडायला, असं मला वाटत होतं. खरं सांगते, अर्ध्या मनाला ते बरंही वाटत होतं. टपालाला ताप येत नाही.

भंडारी म्हणाले, "मॅडम कधी येणार, काही अंदाजच लागत नाही साहेब."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "कसं ठरवता हो तुम्ही?"

काहीतरी शास्त्रीय सांगायला हवं होतं. तोंडातून खरं तेच आलं. "चिनूला सर्दी नसली आणि अक्कांचे गुडघे दुखत नसले, की निघते."

खालची गिरणीसुद्धा नेमकी त्याच वेळी थांबली होती. मग नाना हसायला लागले. हसता हसता थांबले आणि चष्मा काढून पुसत बसले. शुक्रवारच्या नमुन्याचा रिपोर्ट साहेबांनी त्यांना आधीच वाचायला दिला होता. ते म्हणाले, "भंडारी, माझा वार तुम्हाला ठाऊक होता. बाईंचा वार बाईंनाच ठाऊक नाही. मी फाईल परत नेणार नाही."

साहेबांनी निकाल अर्धाच दिला. फॅक्टरी चालवायला आमचं ऑफिस देतं त्या संमतीपत्राची मुदत मार्चअखेर संपत होती. तोवर मोटर रोज चालली आणि नाला सगळ्या वारी सारखा दिसला, तर फॅक्टरी जळगावकडे आणि माझ्याकडे. नाहीतर वरून येईल तो हुकूम, म्हणजे धुळे. आणि मी टपालावर.

घरी सांगितलं तेव्हा अक्का एवढंच म्हणाल्या, "माझे गुडघे सरकारी कामात घेतलेस, मला विचारलंस का?" पण दुसऱ्या दिवशी शेजारणीला त्या हा किस्सा सांगत होत्या, आणि त्यात गुडघ्यांचा वाटा बराच मोठा होता.

* * *

मार्चचा तिसरा आठवडा. संमतीपत्राआधीची शेवटची भेट. नेमक्या अक्का मुक्ताईनगरला दर्शनाला गेलेल्या, आमच्या यांना, म्हणजे चिनूच्या बाबांना, कॉलेजात परीक्षेची ड्यूटी. चिनूला घेऊन जाण्यावाचून इलाज नव्हता. दोन्ही निळ्या पिशव्या मी निघताना तीनदा उघडून बघितल्या. एकीवर अक्कांनी लाल दोरा बांधून ठेवला होता, पण तो कुठल्या पिशवीवर हे मला तेव्हाही आठवत नव्हतं.

फॅक्टरीत आधी मोटरपाशी गेले. चालू होती. अंगावर तेलाचे ओघळ, रंग उडालेला, चांगली जुनाट दिसायला लागली होती. इतकं सुंदर यंत्र मी आयुष्यात पाहिलं नाही.

नमुना घेतला, भंडारींनी सही केली, आणि परतताना चिनूने रडायला सुरुवात केली. शेवटचा कोरडा लंगोट ओला झाला होता. बाकीचे आधीच. बोरसेभाऊंनी नाल्यापाशी जीप उभी केली, सावली बघून.

काठावर इंदूअक्का होत्या. त्या उठून आल्या, माझ्या खांद्यावरच्या ओल्या, लाल चेहऱ्याच्या पोराकडे पाहिलं आणि हात पुढे केला.

"आन तो लंगोट," त्या म्हणाल्या.

मी चिनूला घट्ट धरून उभी होते. वीस मिनिटं उकळलेलं पाणी, जंतुनाशक, इस्त्री, सगळं माझ्या डोक्यातून गेलं. मग मी वाकून नाल्यात बघितलं. आणि लंगोट त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो वाहत्या पाण्यात धुतला, दोनदा पिळला आणि वाळत घालायला जागा शोधायला लागल्या. बाभळींवर जागाच नव्हती. शेवटी एका गोधडीच्या कोपऱ्यावर टाकला. उन्हाने पाच-दहा मिनिटांत तो कडक वाळला. मी तो तसाच, इस्त्री न करता, चिनूला बांधला.

त्या दिवशी सोमवार होता.