आज काय हुतं?

आमच्या वहिनीला जन्मात कुणी जेवायला वाढलं नव्हतं. हे मी फुगवून सांगत नाही. मी मास्तर माणूस, पोरांनी निबंधात फुगवून लिहिलं तर छडी उचलतो. तिची आई लहानपणीच गेली, तेव्हापासून बापाच्या घरी चुलीपुढं हीच. लग्न होऊन आमच्याकडं आली तर इथंही बाईमाणूस नाही. दादा, मी आणि म्हातारे वडील, तिघं तोंडं वासून बसलेलो. माप ओलांडून आत आली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पिठाचा डबा शोधू लागली. कुणाच्या लग्नाला जावं तर हिच्या हाताला चव म्हणून बायका हिला थेट मागच्या चुलवणाकडं ओढायच्या. शेवटची पंगत उठली की पातेल्याच्या तळाला जे राहिलं असेल ते ही खायची. स्वतःच्या लग्नात वाढलं असेल म्हणा, पण त्या दिवशी नवरीच्या घशाखाली घास उतरतो कुठं!

चांगुणा तिचं नाव. माझ्या थोरल्या भावाची, भिमाजीदादाची बायको. जामखेडहून खर्ड्याकडं जाताना रस्त्यापासून आत आमची वस्ती आहे. थोडी कोरडवाहू जमीन, एक बैलगाडी, आणि माझी शाळेची नोकरी. दोघांची एकुलती लेक लवकर सासरी गेली, वडील वारले, माझं लग्न काही जमलं नाही. घरात उरलो आम्ही तिघं.

दादा बोलत नसे. म्हणजे मुका नव्हता. पण चार शब्दांत भागत असलं तर पाचवा खर्च करायचा नाही, असा स्वभाव. दर बाजाराला वस्तीवरचा माल गाडीत घालून तो जामखेडला जायचा आणि दुपारी भागूबाईच्या खाणावळीत जेवायचा. भागूबाई म्हणजे एक विधवा बाई. बाजारामागच्या बोळात तिचं दोन खणांचं घर, पुढच्या खणात गिऱ्हाइकं पोत्यावर ओळीनं बसायची, मागच्या खणात ती भाकरी थापायची. वहिनी शिदोरी बांधू लागली की दादा म्हणायचा, "नगं. तितं गरम मिळतं."

संध्याकाळी गाडी सुटली, बैलांना वैरण पडली, दादा हातपाय धुऊन चुलीजवळ बसला की वहिनी विचारायची, "आज काय हुतं?"

आणि काय सांगू, हा घुम्या माणूस बोलायला लागायचा!

"वांग्याचं कालवन."

"रसा का सुकं?"

"रसा. वर तेलाचा तवंग."

"कांदा लई का खोबरं?"

दादा डोळे मिटून जीभ टाळूला लावून बघायचा. "खोबरं. भाजून."

दुसऱ्या दिवशी वहिनी तेच कालवण करायची. कधी जमायचं, कधी नाही; पण आम्ही घरबसल्या भागूबाईची खाणावळ जेवत होतो, तेही फुकट. मी एकदा चेष्टेनं म्हणालो, "वैनी, एवढी चौकशी कलेक्टरसाहेब बी करत न्हाई. एकदा जाऊनच या की."

ती हसली नाही. चुलीत काटकी सारत म्हणाली, "भाऊजी, मला खायाचं काय पडलं न्हाई. मला बसायचंय. मी नुसती बसावं, कुनीतरी ताट आनून पुढं ठिवावं, आन मी म्हनावं, आनखी अर्धी वाढा. बास."

मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की एवढी वर्षं मी जेवताना "वाढा" हा शब्द किती वेळा तोंडातून काढला होता.

दादानंही ते ऐकलं. बायका खाणावळीत बसत नसत. बसली तर चारजणी नावं ठेवायला तयार. पण पुढच्या बाजाराहून येऊन तो म्हणाला, "भागूबाई म्हनली, आना मालकिनीला. आत माज्याजवळ बसवीन." तेव्हापासून 'पुढच्या बाजाराला जाऊ' सुरू झालं. पुढच्या बाजाराला पेरणी निघायची, त्याच्या पुढच्याला गाय व्यायची. बायकोला खाणावळीत न्यायची दादाला लाज वाटत होती की खरंच अडचणी होत्या, देव जाणे.

तोवर लढाई पेटली. लढाई कुठं लांब, पण झळ आमच्या तव्याला. रॉकेल मिळेना, साखर कार्डावर, निजामाच्या हद्दीतून येणारी ज्वारी अडवली जाऊ लागली. भागूबाईचं ताट अडीच आण्यांचं तीन झालं, चार झालं, पाच झालं. दादाच येऊन सांगायचा. वहिनीनं विषय काढला की म्हणायचा, "भाव उतरू दे जरा. मग निवांत जाऊ."

भाव काही उतरले नाहीत. उलट एक नवल झालं. महागाई जसजशी वाढली तसतसं दादाचं खाणावळीतलं जेवण झोकात होऊ लागलं! पूर्वी वांगं नाहीतर डाळ. आता भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची येसर आमटी, मासवडी, एकदा तर शेवयांची खीर. मी वैतागून म्हणालो, "दादा, साऱ्या तालुक्याला साखर मिळंना आणि भागूबाई खीर वाढती?"

"गुळाची हुती," दादा म्हणाला आणि बाहेर बैलांकडं गेला.

वहिनीनं मासवडी केली. बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून गुंडाळायची, वड्या कापायच्या आणि रश्शाबरोबर खायच्या, नाजूक काम. पहिल्या खेपेला फुटली, दुसऱ्या खेपेला जमली. दादा खाऊन म्हणाला, "अशीच." मला मात्र एक गोष्ट खटकत होती. बाजारादिवशी रात्री दादा भुकेल्या पोरासारखा जेवायचा. दुपारी खीर-मासवडी झालेला माणूस रात्री चार चार भाकरी कसा खाईल? त्याचं सगळं सांगून झालं की वहिनी न मागता पितळी त्याच्यापुढं सरकवायची. "लांबची वाट. जिरलं आसंल. घ्या दोन घास."

त्रेचाळीस गेलं, चव्वेचाळीसची दिवाळी आली. माझ्या शाळेला सुट्टी होती. बाजाराच्या आदल्या दिवशी आमच्या एका बैलाचा खूर दुखावला आणि दादाचं जाणं राहिलं. वहिनी मला म्हणाली, "भाऊजी, वस्तीवरच्या मच्छिंद्राची गाडी चाललीया. मीठ-हळद आनायची. तुमी चला संगं." मग आवाज खाली करून, "भागूबाईकडं जायचं. अंड्याचं पैसं साठीवल्यात मी."

आम्ही निघताना दादा बैलाच्या खुराला हळद लावत होता. मान वर न करता म्हणाला, "भागूबाईच्या बोळात जाऊ नका. लई चिखुल हाय तितं."

चिखल! जामखेडात! दिवाळीनंतर! जिथं प्यायला पाणी नाही तिथं चिखल कुठून आणणार होता हा माणूस? पण गाडी निघाली होती.

वहिनीनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. पहाटे उठून घरचा स्वैपाक करून, झाकून आली होती, पण स्वतः चहाचा घोटही घेतला नव्हता. म्हणाली, "पोट रिकामं पायजे. न्हाईतर आग्रह कसा करतील?" वाटभर ती पदर सारखा करत होती. पन्नाशीकडं झुकलेली बाई, पण अशी नटून बसलेली की मलाच कसंतरी झालं.

बोळ कोरडा ठणठणीत होता. भागूबाईच्या घराचा पुढचा खण फळ्या लावून बंद. बाजूच्या दारात एक हडकलेली बाई सुपात डाळ निवडत बसली होती. तीच भागूबाई. मी नाव-गाव सांगितलं आणि म्हणालो, "जेवायला आलोय."

"कुटं?"

"इथं."

तिनं सूप खाली ठेवलं. "आवं मास्तर, खानावळ मोडून दोन दिवाळ्या झाल्या. कार्डावरचा दाना माज्या येकटीला पुरंना, गिऱ्हाइकांना काय धोंडं वाढू? आता दुकानदाराची डाळ निवडती, त्यावर भागतं."

वहिनीच पुढं झाली. "आन आमचं मालक? भिमाजी? ते तर दर बाजाराला येत्यात तुमच्याकडं."

"येत्यात की! येक बाजार चुकवत न्हाईत. पर जेवाय न्हाई. ताटाचं पाच आनं केलं, त्या दिवसापास्नं त्यांनी जेवान सोडलं. पुढं खानावळ मोडली. तरी बी येत्यात. हितं दारात हुबं ऱ्हात्यात आन इचारत्यात, भागूबाई, आज चूल पेटली आसती तर काय केलं आसतंस?" भागूबाई जराशी हसली. "पयल्यांदा वाटलं, चेष्टा करत्यात. मग म्हनलं, इचारतोय मानूस तर सांगावं. मला तरी आता कोन इचारतंय? मग मी सांगती. येसर कसं भाजलं आसतं, खोबरं किती घातलं आसतं. ते ऐकून घेत्यात, फुटान्याचं चार दानं तोंडात टाकत्यात आन जात्यात."

"मासवडी तुमीच सांगितली?" वहिनीनं विचारलं.

"माजीच. सारनात लसूण जास्त घालती मी."

"चांगली झाली हुती."

भागूबाई तिच्याकडं बघतच राहिली. "म्हंजी? कुनी केली?"

"मी. तुमी सांगितलेलं समदं दुसऱ्या दिवशी आमच्या घरी हुतं. खीर बी."

त्या बाईनं पदर डोळ्यांना लावला. दोन वर्षं बंद पडलेल्या चुलीवरचा तिचा स्वैपाक कुणीतरी जेवलं होतं. मला भरून आलं, आणि भरून आलं की मला राग येतो. मी उगाच मच्छिंद्र कुठं राहिला म्हणून बोळात डोकावलो.

भागूबाई उठली. "बसा. मूठभर पीठ हाय, भाकरी टाकती." वहिनीनं तिच्या पिठाच्या डब्याकडं पाहिलं. डब्याचा तळ दिसत होता. तिचं एवढ्या वर्षांचं मागणं अगदी समोर आलं होतं. बसायचं आणि हो म्हणायचं, एवढंच. पण ती म्हणाली, "नगं बाई. जेवूनच निघालो." गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी घेऊन आम्ही उठलो.

परतीच्या वाटेवर माझ्या पोटात कावळे ओरडत होते आणि डोक्यात दादाची हजेरी घ्यायचं चाललं होतं. वहिनीनं ते ओळखलं. "भाऊजी, घरी गेल्याव तुमी तोंड उघडायचं न्हाई. येका शब्दानं बी."

"अहो पण दोन वर्षं खोटं..."

"उपाशी ऱ्हाऊन बोललं ना ते? मग बोलू द्या."

दिवेलागणीला पोचलो. दादा ओट्यावर बसला होता. आम्हाला पाहून उठला, पुन्हा बसला. वहिनी आत गेली, पण चुलीकडं गेली नाही. भिंतीला टेकून खाली बसली, नुसती. दादा तिच्यामागं आत आला. कंदिलाची वात वर केली, खाली केली. मग हातपाय धुतले आणि तिच्यासमोर बसून जन्मात पहिल्यांदा त्यानं विचारलं, "आज काय हुतं?"



"येसर आमटी," वहिनी म्हणाली. "वर तवंग. भरलेलं वांगं. भाकरी अशी की पापुद्रा सुटा व्हावा. भागूबाईनं आत जवळ बसीवलं. सोताच्या हातानं वाढलं. मी नगं नगं म्हनस्तवर."

दादा खाली बघत ऐकत होता. त्याला माहीत होतं खाणावळ नाही, आणि आता हिलाही माहीत आहे, हेही त्याला कळलं होतं. मग तो म्हणाला, "कांदा लई का खोबरं?"

"खोबरं. भाजून."

दादा उठला. फळीवरची पितळी काढली, फडक्यानं पुसली. दुरडीतली पहाटेची भाकरी घेतली, पातेल्यातलं कालवण घातलं. निम्मं बाहेर सांडलं, सवय कुठं होती! पितळी वहिनीपुढं ठेवून म्हणाला, "लांबची वाट. जिरलं आसंल. घे दोन घास."

वहिनीनं पितळीकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. मांडी नीट घातली, पदर सावरला आणि घास घेतला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण चावायची थांबली नाही. "मीठ कमी हाय," म्हणाली, स्वतःच केलेल्या कालवणाला.

दादानं मीठ आणून दिलं.

"येत्या बाजारापास्नं शिदोरी बांधनार हाय मी. भागूबाईच्या बी दोन भाकरी त्यात."

"बांध."

मला त्या रात्री कुणी वाढलं नाही. मी उठून माझं माझं घेतलं आणि दाराशी बसलो. पाठीमागून वहिनीचा आवाज आला, "आनखी अर्धी वाढा." दादानं अख्खी वाढली.