बाविसाव्या दिवशी साबण चार ग्रॅमने वाढला

पैज साधी होती. अंगाच्या साबणाची एक वडी आमच्या घरातल्या चार माणसांना तीस दिवस पुरली, तर बायकोने बॉडी वॉशच्या बाटलीचा विषय पुन्हा काढायचा नाही. नाही पुरली, तर बाटली येणार आणि बाथरूमच्या दारावर मी चिकटवलेला नियमांचा कागद उतरणार. कायमचा.

चार माणसं म्हणजे मी, बायको, कॉलेजात जाणारी मुलगी आणि सासूबाई. सासरे गेल्यापासून सासूबाई मुलुंडला आमच्याकडेच असतात. पैज लागली तेव्हा त्या समोर बसून मटार सोलत होत्या आणि एक शब्द बोलल्या नाहीत. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

त्याआधी आमच्याकडे वडी एकोणीस दिवसांत संपायची. कारण उघड होतं. साबण ठेवायचा कोनाडा नळाच्या बरोबर बाजूला. दिवसभर साबण पाण्यात बसायचा आणि संध्याकाळपर्यंत त्याचं श्रीखंड व्हायचं. साबण आपण अंगाला कमी लावतो, गटाराला जास्त, हे मी घरात अनेकदा सांगितलं होतं. ऐकून घ्यायला कोणी थांबलं नव्हतं.

माझी पद्धत अशी. नवी वडी आणली की लगेच वेष्टन काढायचं आणि कपाटात चादरींच्या घड्यांमध्ये ती सहा आठवडे वाळू द्यायची. चादरींना वास लागतो आणि वडी दगडासारखी होते. पैजेची वडी मूळची एकशेपंचवीस ग्रॅमची, वाळून एकशेसोळा झाली.

“बाबा, म्हणजे सुरुवातीलाच नऊ ग्रॅम कमी झाले ना?” मुलगी म्हणाली.

“ते पाणी होतं. साबण तेवढाच आहे.”

“मग मी पण कपाटात बसते सहा आठवडे. वजन उतरेल.”

दुसरी गोष्ट, कोनाडा बंद. प्लॅस्टिकच्या एका उघड्या डब्यावर मी फरसाणाच्या पुड्यांचे रबरबँड ताणून बसवले, डबा खिडकीजवळ ठेवला आणि वडी त्या रबरांवर. पाणी खाली गळतं, वारा चहूबाजूंनी लागतो. आणि तिसरी गोष्ट, कागद. त्यावर सात नियम होते. पहिला, साबण अंगाला लावावा, पाण्याला नाही. चौथा, साबण हातात धरून विचार करत उभं राहू नये. सातवा, वडी आडवी न ठेवता कडेवर उभी ठेवावी.

“मी आंघोळीला जाते की परीक्षेला?” बायकोने विचारलं होतं. पैज तिथूनच लागली.

रोज सकाळी सहाला, कोणाचीही आंघोळ व्हायच्या आधी, मी वडी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवायचो. ओली वडी तोलण्यात अर्थ नसतो, ती पाण्याचं वजन सांगते. हा काटा बायकोने केकसाठी घेतलेला. खाली कागद ठेवूनच तोलायचं, अशी तिची अट होती. ती मी पाळली.

तीस दिवस टिकायला रोज तीन पूर्णांक आठ ग्रॅमच्या आसपास खर्च चालणार होता. दहा दिवसांनी वडी सत्त्याहत्तर ग्रॅमवर होती. सतराव्या दिवशी सकाळी चोपन्न. म्हणजे आम्ही अगदी काठावर होतो, पण होतो. मी जेवताना रोज आकडा सांगायचो. बायको म्हणायची, “ताटात काय वाढलंय ते बघ आधी.”

सतराव्या दिवशी संध्याकाळी मुलगी मैत्रिणींबरोबर जुहूला गेली. आल्यावर वाळू काढायला एकदा आंघोळ केली, केसांत वाळू राहिली म्हणून पुन्हा केली. सकाळी काट्यावर चव्वेचाळीस. जुहूने एका दिवसात दहा ग्रॅम नेले होते.

“वाट लागली ना रे तुझी?” बायको फार प्रेमाने म्हणाली.

लागलीच होती. उरलेल्या तेरा दिवसांत रोज तीन पूर्णांक चारच्या आत राहायला हवं होतं, आणि आमचा साधा खर्च होता तीन पूर्णांक नऊ. मी कागदाकडे बघून घेतलं. दारावर तो चांगला दिसत होता.

आणि मग आकडे सुधारले. एक्केचाळीस. अडतीस. पस्तीस. रोज बरोबर तीन. मला वाटलं, कागद अखेर लोकांच्या मनात उतरला. मी सोसायटीतल्या दोघांना थांबवून रबरबँडचा डबा समजावून सांगितला. एकाने फोटो मागितला.

बाविसाव्या दिवशी सकाळी काट्यावर एकोणचाळीस.

मी वडी उचलली, पुन्हा ठेवली. एकोणचाळीस. काटा बिघडला म्हणून साखरेचं सीलबंद पाकीट तोललं, ते बरोबर निघालं. मग खिडकीशी जाऊन वडी उलटी केली. आमचा साबण पांढरा. मागच्या बाजूला मात्र हिरवा पातळ पापुद्रा होता, अंगठ्याने दाबून, कडा गुळगुळीत करून बसवलेला. काम इतकं सफाईदार होतं की पाहत राहावं. रोजचे तीन ग्रॅम वापरले गेले आणि तरी चार वाढले, म्हणजे पापुद्रा सात ग्रॅमचा.

हिरवा साबण आमच्या घरात कधीच आलेला नाही. गेल्या वर्षी एका लग्नात लॉजवर मात्र होता. आणि लॉजवरून निघताना खोलीत सगळ्यांत शेवटी राहिल्या होत्या सासूबाई.

मी वडी पुन्हा रबरांवर ठेवली. दोन दिवसांनी बायको स्वयंपाकघरातून ओरडली, “रविवारी आणलेलं बेसन कुठे गेलं? कोण भजी तळतंय इथे मला न सांगता?”

बाथरूमच्या फरशीच्या सांध्यांत गेले काही दिवस पिवळा गाळ दिसत होता. मी तो हळदीचा समजत होतो. चार माणसांचा खर्च तीन पूर्णांक नऊ, म्हणजे माणशी साधारण एक ग्रॅम. खर्च तीनवर आला, म्हणजे चौथं माणूस साबण लावतच नव्हतं. हे मला पाच दिवस आधी कळायला हवं होतं. मी ते श्रेय कागदाला देऊन बसलो होतो.

दुपारी बायको बाहेर गेल्यावर मी सासूबाईंसमोर जाऊन बसलो.

“आई, तुम्ही बेसन लावून आंघोळ करता?”

“त्वचा मऊ राहते.” त्यांनी पेपरमधून डोकं वर काढलं नाही.

“आणि हिरवा साबण?”

त्यांनी पेपर खाली ठेवला, उशीखालून बामची एक मोठी रिकामी डबी काढली आणि उघडून माझ्यापुढे धरली. आत गुलाबी, पिवळे, निळे असे साबणाचे तुकडे होते, कागदासारखे पातळ. “हळूहळू लावणार होते. पण तुम्ही एकेका ग्रॅमचा हिशेब ठेवता, एवढं कुठे ठाऊक होतं? मला वाटलं, आकडा नुसता बोलता.”

“पण का?”

“जावईबापू, ती माझी लेक आहे. मी तिला ओळखते. शाळेत असल्यापासून कुठलीही पैज हरलेली नाही, आणि जिंकली की पंधरा दिवस ऐकवते. तिच्या बापाने ऐकलं, मी ऐकलं. मरायच्या आधी एकदा तिला हरताना बघू दे मला.”

“हे चूक आहे, आई. थांबवा.”

“आता थांबवलं तर एकदम चार ग्रॅमनी उतरेल. तिला नाही कळणार?”

चारने नाही, रोजच्यापेक्षा एकनेच जास्त उतरलं असतं, आणि बायको आकडे ऐकतही नव्हती. हे मला माहीत होतं. तरी मी उठलो आणि खोलीबाहेर पडलो. चोविसाव्या दिवसापासून तिसाव्या दिवसापर्यंत मी सगळं माहीत असून रोज वजन घेत राहिलो, आणि जेवताना आकडा सांगायचं बंद केलं. हे लिहिणं भाग आहे.

एकतिसाव्या दिवशी सकाळी बारा ग्रॅम शिल्लक होते. बायकोने स्वतः काट्यावर वाकून बघितलं.

“मानलं बुवा,” ती म्हणाली. “जिंकलास. माझ्या ताईला फोटो पाठवते.” तिने खरंच फोन काढला आणि बारा ग्रॅमच्या वडीवर धरला. सासूबाई दारात उभ्या होत्या. चेहरा देवदर्शनाला आल्यासारखा.

आणखी एक मिनिट गप्प बसलो असतो, तर कागद राहिला असता. पण त्या फोटोत खोटा आकडा जाणार होता, माझ्या नावाने.

“नको पाठवूस,” मी म्हणालो. “यातले सात ग्रॅम बाहेरचे आहेत. आणि अठराव्या दिवसापासून चार नाही, तीनच माणसं साबण लावतायत. खरा हिशेब केला तर वडी एकोणतिसाव्या दिवशी संपली. बहुतेक माझ्याच आंघोळीत.”

कोणाचे सात ग्रॅम आणि कोणतं चौथं माणूस, हे मी सांगितलं नाही. बायकोने वडी उलटी केली, हिरवा रंग बघितला, बेसनाच्या डब्याकडे बघितलं आणि मग दाराकडे.

“आई! तू नक्की कोणाची आई आहेस गं?”

“तुमच्यामुळे झालं हे,” सासूबाई मला म्हणाल्या. “एक मिनिट धरवलं नाही?”

कागद मी स्वतः उतरवला. चिकटपट्टीबरोबर दाराचा थोडा रंगही निघाला. त्याचंही पंधरा दिवस ऐकलं. बाटली त्याच संध्याकाळी आली, पंपाची, पाचशे मिलिलिटरची. मला ती आवडलेली नाही, पण आली ती आली. फक्त पहिल्या दिवशी मी तिच्या मागच्या बाजूला पेनाने एक बारीक रेघ मारली. सवय.

परवा जेवताना बायको म्हणाली, “बघ, तेवीस दिवस झाले, अजून अर्धी आहे. उगाच साबण साबण करत होतास.”

मी हात धुवायच्या निमित्ताने जाऊन बघितलं. आदल्या दिवसापेक्षा पातळी बोटभर वर होती, आणि आतला द्रव पाण्यासारखा डचमळत होता. बाहेर आलो तर सासूबाई ताटातल्या भाताकडे अतिशय लक्ष देऊन बघत होत्या.

या वेळी पैज नव्हती, आणि आकडाही मला कोणी विचारला नव्हता. मी आणखी थोडी आमटी घेतली.