मोरपंखीचं कुंपण

नर्सरीत मोरपंखीचं पान सहज बोटांत चुरडलं आणि त्या कापरासारख्या वासानं नवीन पनवेलचं आमचं जुनं रो-हाऊस आठवलं. शेजारी उरणकडच्या गावातून आलेले एक काका राहायचे. सकाळी ओट्यावर बसून ते आमच्या घरात डोकावत, आज डब्यात काय, तेही विचारत. म्हणून बायकोनं मधल्या तारेलगत मोरपंखीची रांग लावली. ती भराभर डोक्यावर गेली आणि काका दिसेनासे झाले. मग एकदा गावाहून परतलो तर रांग कंबरेइतकी छाटलेली, अंगणभर हाच वास, आणि पलीकडे कोयता घेऊन घामाघूम काका हसत उभे. "लय वाढली व्हती, तुमचा दरवाजापन दिसत नव्हता. आमी छाटली. मेंदीसारखी फुटल बघा," म्हणाले आणि हिरव्या फांद्यांची जुडी पुढे केली, "पोरीच्या पुस्तकात ठेवा, विद्या येते." भांडावं की आभार मानावेत, मला कळेना, बायकोनं तर त्यांना चहा विचारला. पानं नसलेल्या लाकडाला मोरपंखी पुन्हा फुटत नाही, हे आम्हाला रांग वाळून गेल्यावर समजलं. काका मात्र त्या वाळक्या खुंटांना रोज पाणी घालत राहिले, आणि घालता घालता डब्यात काय, ते विचारत राहिले. ती रांग कुणासाठी लावली होती, हे त्यांना कळलं होतं का? अजून ठरवता येत नाही. आता नव्या घराच्या शेजारी कोण राहतं, मला माहीतही नाही, तरी नर्सरीवाल्याला मी विचारून बसलो, कंबरेच्या वर न जाणारी मोरपंखी मिळेल का?